बाल्टिक क्रूझ: ७ रात्री की ११ रात्री? जाणकारांनी सांगा

राजारामपुरीकर
११ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचक आहे. धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मी ६३, सौ. ५९. बँकेतून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही ग्रीस-इटलीची क्रूझ केली. बोट उत्तम, जेवण उत्तम, पण ऊन! अथेन्सला ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी पोचलो तर उन्हामुळं दुपारी बंद. सौ. तिथंच एका दगडावर बसली आणि म्हणाली, "एवढे पैसे घालून ऊनच खायचं होतं, तर सोलापूर काय वाईट होतं?" त्यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही.

तर या खेपेला गारव्याचं ठिकाण. बाल्टिक समुद्र. साडू आणि मेव्हणीपण येणार आहेत, म्हणजे आम्ही चौघं. एजंटानं दोन पर्याय दिलेत.

पहिला ७ रात्रींचा: कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी, टॅलिन, रीगा, परत कोपनहेगन. पाच राजधान्या.

दुसरा ११ रात्रींचा: कोपनहेगन, ओस्लो, बर्लिन, ग्दिनिया, टॅलिन, हेलसिंकी, स्टॉकहोम, परत कोपनहेगन. त्यात रीगा नाही. माणशी साधारण सव्वा लाख जास्त.

साडूंचं म्हणणं, एवढ्या लांब जायचं तर जास्तीत जास्त राजधान्या पदरात पाडून घ्यायच्या. माझं मन पहिल्याकडं आहे, कारण पैसे. सौ. म्हणते, कुठंही न्या, फक्त घाम येता कामा नये. तिचे गुडघे थोडे दुखतात, चालते, पण सावकाश.

---

तांबडा_पांढरा
११ जानेवारी, रात्री ९.५८

काका, तिकडं पांढरा रस्सा मिळणार नाही एवढी मनाची तयारी करून जावा. बाकी जाणकार सांगतीलच. मी चुरमुरे घेऊन बसलोय.

---

इंजिनरूम
११ जानेवारी, रात्री १०.३०

अठ्ठावीस वर्षं बोटीवर काढली, मालवाहू आणि नंतर प्रवासी दोन्ही. आता जयसिंगपुरात ऊस बघतो.

राजारामपुरीकर, तुम्ही बंदरांची नावं दिलीत, वेळा दिल्या नाहीत. बोट किती वाजता लागते, किती वाजता सुटते आणि नेमकी कुठल्या धक्क्याला लागते, हे टाका. एजंटाच्या रंगीत कागदावर नसतं, सविस्तर वेळापत्रक मागून घ्या. त्याशिवाय काही सांगणं म्हणजे जन्मवेळ न देता पत्रिका मागण्यासारखं आहे.

---

राजारामपुरीकर
१३ जानेवारी, सकाळी ११.०५

मागवलं. दोन दिवस लागले, एजंटालाही बहुधा पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं असावं.

७ रात्री: स्टॉकहोम सकाळी ९.३० ते संध्याकाळी ५, पुढं कंसात 'नीनेसहाम्न' असं लिहिलंय. हेलसिंकी ८ ते ५. टॅलिन ८ ते ४. रीगा ९ ते ५.

११ रात्री: ओस्लो ९ ते ५. 'बर्लिन' सकाळी ७ ते रात्री ९, कंसात 'वार्नेम्युंडे'. ग्दिनिया ८ ते ६. टॅलिन ८ ते ५. हेलसिंकी ८ ते ५. स्टॉकहोम दुपारी १ ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५, मुक्काम बंदरातच, इथं कंस नाही.

---

इंजिनरूम
१३ जानेवारी, दुपारी २.२०

आता बोलू. सगळी गोम त्या कंसांत आहे.

नीनेसहाम्न हे स्टॉकहोमपासून साठेक किलोमीटर दक्षिणेला. मोठ्या बोटी बऱ्याचदा तिथंच थांबतात, म्हणजे आतल्या बेटांच्या गल्लीतून शहरापर्यंत जावं लागत नाही. बोट ९.३० ला लागली की तुम्ही ९.३० ला उतरत नाही. हजारो माणसं, एक-दोन जिने. धक्क्यावर पाय टेकेपर्यंत सव्वादहा. लोकलनं शहरात जायला तासभर. साडेअकरा झाले. बोट ५ ला सुटते म्हणजे साडेचारला सगळे आत हवेत, म्हणजे शहरातून पावणेतीन-तीनला निघायचं. साडेतीन तास हातात. त्यात जेवण, त्यात स्वच्छतागृह शोधणं. स्वीडनची राजधानी पाहिली असं सांगता येईल, पण सौ. वहिनींच्या गुडघ्यांसह ती पळापळच होणार.

दुसऱ्या बोटीत स्टॉकहोमला मुक्काम आहे आणि कंस नाही, म्हणजे शहराच्या धक्क्याला लागणार. तिथं येताना बोट बेटांच्या मधून काही तास सरकत जाते. या पट्ट्यात लहानमोठी मिळून तीसेक हजार बेटं आहेत. लाल रंगाची लाकडी घरं, प्रत्येक घराला आपला धक्का, आणि बोट इतक्या जवळून जाते की अंगणात कपडे वाळत घातलेले दिसतात. मी खाली इंजिनात असायचो, तरी त्या दिवशी पाळी बदलून वर यायचो.

आता दुसरा कंस. वार्नेम्युंडे हे जर्मनीचं समुद्रकाठचं छोटं गाव. बर्लिनला समुद्र नाही! तिथून बर्लिन जायला जवळपास तीन तास, यायला तीन तास. इथून सकाळी पुण्याला जाऊन शनिवारवाडा बघून संध्याकाळी घरी येण्यातलाच प्रकार. करता येतं, कुणी करू नये.

---

इचलकरंजी_एक्सप्रेस
१३ जानेवारी, रात्री ८.१५

साडूभाऊ, धागा काढलाय ते सांगितलं नाहीत. मेव्हणीनं दाखवला म्हणून कळलं. "साडूंचं म्हणणं" म्हणून माझं नाव जगभर केलंत, आभारी आहे.

तरी माझा मुद्दा कायम. बर्लिनची भिंत बघायची म्हणून मी कधीपासून म्हणतोय. इंजिनरूम साहेब, सहा तास प्रवास धरला तरी सात ते नऊ म्हणजे चौदा तास आहेत की.

---

इंजिनरूम
१३ जानेवारी, रात्री ८.४०

आहेत. तुम्ही जावा, बाकी तिघांना वार्नेम्युंडेच्या वाळूत आईस्क्रीम खाऊ द्या. फक्त बोटीच्याच सहलीतून जावा. बोटीची सहल उशिरा आली तर बोट थांबते. तुम्ही आपले आपण गेलात आणि रेल्वे रखडली तर थांबत नाही. पुढच्या बंदरापर्यंत स्वतःच्या खर्चानं यायचं. धक्क्यावर धावत आलेली जोडपी मी वरून पाहिली आहेत. आधी हात हलवतात, मग एकमेकांशी भांडतात.

---

गडहिंग्लज_ते_स्टॉकहोम
१४ जानेवारी, पहाटे २.५०

काका, मी नऊ वर्षं स्टॉकहोममध्ये आहे, त्यामुळे राहवलं नाही. इंजिनरूमकाका म्हणतात तसं शहरात मुक्काम असेल तर डोळे झाकून तीच बोट.

एकच गोष्ट बघायची असेल तर वासा संग्रहालय. १६२८ सालच्या १० ऑगस्टला स्वीडनच्या राजाची ही नवीकोरी लढाऊ बोट पहिल्याच फेरीला निघाली. ६४ तोफा, जागोजागी कोरलेले सिंह, काठावर बघायला सगळं गाव. जेमतेम १३०० मीटर गेली, वाऱ्याचा झोत आला, कलली, तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी शिरलं आणि बंदरातच बुडाली. वरचा भार जास्त, पोट अरुंद. त्याआधी बोटीच्या डेकवर तीस माणसांना इकडून तिकडं पळवून चाचणी घेतली होती. बोट इतकी डुलायला लागली की चाचणीच थांबवली, आणि तरीही निघाले! राजाला घाई होती. आपल्याकडं उद्घाटनाची तारीख आधी ठरते आणि पूल नंतर पुरा होतो, तो प्रकार तिथंही होता बघा.

१९६१ साली ती वर काढली, ३३३ वर्षांनी. आणि लाकूड शाबूत! कारण बाल्टिकचं पाणी कमी खारट. कोकणात लाकडी होड्या पोखरते ती समुद्री कीड या पाण्यात जगत नाही. आत शिरलं की अंधुक उजेडात समोर एकदम पाच मजली काळी बोट उभी राहते. पहिल्यांदा गेले तेव्हा आईबाबा दोघंही गप्प झाले होते, आणि माझे बाबा गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत.

संग्रहालयात लिफ्ट आहे, बाके आहेत, वहिनींना त्रास होणार नाही. गामला स्तान म्हणजे जुनं शहर, तिथं मात्र दगडी फरशी आणि चढउतार.

दुसरं, तारखा बघा. जूनच्या १९ ते २५ मधला जो शुक्रवार असतो, तो मिडसमरचा. त्या दिवशी सगळं शहर गावाकडं पळतं. दुकानं, हॉटेलं बंद. गणपतीत मुंबईतले चाकरमानी कोकणात जातात तसं. फिनलंडमध्येही तेच. तुमची बोट त्या आठवड्यात असेल तर बंद दारं बघून याल.

हवा १५ ते २२ अंश. ऊन पडलं तरी वाऱ्याला धार असते. पावसाचं जाकीट आणि एक लोकरीचं काहीतरी प्रत्येकी. छत्री वाऱ्यात उलटी होते.

---

तांबडा_पांढरा
१४ जानेवारी, सकाळी ९.१०

ताई, पहाटे २.५० ला जाग्या? तिकडं किती वाजलेत?

---

गडहिंग्लज_ते_स्टॉकहोम
१४ जानेवारी, दुपारी १.१५

तेव्हा इथं रात्रीचे दहा वाजून वीसच मिनिटं झाली होती. पण जूनमध्ये खरंच झोपेचा खेळ होतो. रात्री दहानंतरही उजेड, पहाटे चारच्या आत सूर्य वर. पूर्ण अंधार होतच नाही. डोळ्यांवर बांधायची पट्टी आणाच.

---

पाठपिशवी
१४ जानेवारी, रात्री ९.००

मी वेगळाच पर्याय टाकतो. क्रूझच कशाला? तिथं रात्रीच्या मोठ्या फेरीबोटी चालतात. संध्याकाळी स्टॉकहोमला चढा, सकाळी हेलसिंकी. हेलसिंकी ते टॅलिन फक्त दोन तास. टॅलिनहून परत स्टॉकहोमला रात्रीची बोट. मी आणि बायकोनं असंच केलं, प्रत्येक शहरात दोन-दोन दिवस राहिलो, आणि तुमच्या पहिल्या पर्यायाच्या निम्म्याच्या आसपास खर्च आला.

या बोटींत एक गंमत. स्टॉकहोम-हेलसिंकी बोट मध्यरात्री ओलांड बेटांवर काही मिनिटं थांबते. फारसं कुणी चढत-उतरत नाही. ही बेटं फिनलंडची असली तरी युरोपियन युनियनच्या करक्षेत्राबाहेर आहेत, त्यामुळं तिथं टेकून गेलं की बोटीवर करमुक्त माल विकता येतो. रात्री अडीच वाजता अख्खी बोट दारूच्या खोक्यांच्या गाड्या ढकलत असते. आम्हाला वाटलं आग लागली!

---

राजारामपुरीकर
१५ जानेवारी, सकाळी ८.००

पाठपिशवी, तुमच्या वयात असतो तर हेच केलं असतं. पण रोज बॅगा उचलून हॉटेल बदलणं आता होत नाही. क्रूझचं खरं सुख तेच, बॅग एकदा उघडायची आणि शेवटच्या दिवशी बंद करायची. बाकी कुणाला जमत असेल त्यांनी जरूर विचार करावा.

एक प्रश्न. सेंट पीटर्सबर्ग कुठंच दिसत नाही? आमच्या बँकेतले एक साहेब २०१५ ला बाल्टिकला गेले होते, ते अजून तिथल्या राजवाड्याचंच सांगतात.

---

इंजिनरूम
१५ जानेवारी, सकाळी ८.२५

२०२२ पासून मोठ्या कंपन्यांनी ते बंदर वगळलंय. युक्रेनचं युद्ध. पूर्वी बाल्टिक क्रूझ म्हणजे मुख्यतः तेच होतं, दोन-तीन दिवस बोट तिथं असायची आणि बोटीच्या सहलीतून गेलं तर रशियाचा व्हिसाही लागायचा नाही. ते दिवस गेले. त्यांच्या वाटणीचे दिवस आता ग्दिनिया, रीगा वगैरेंना मिळतात.

---

कागदपत्र_मावशी
१५ जानेवारी, दुपारी ४.४०

सगळे बेटं आणि बोटी बघताहेत, व्हिसाचं कोण बघणार? माझ्या मुलाचा आणि सुनेचा मीच भरला होता, म्हणून लिहिते.

दोन्ही पर्यायांतले सगळे देश शेंगेन, म्हणजे सामाईक व्हिसाच्या गटातले आहेत. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नाही, पण शेंगेनमध्ये आहे, तेव्हा ओस्लोची काळजी नको. एकच व्हिसा. अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त राहणार त्याच्याकडं, दिवस समसमान असतील तर ज्या देशात पहिलं पाऊल पडणार त्याच्याकडं. तुम्ही कोपनहेगनला बोटीच्या आधी दोन रात्री राहिलात तर गणित सरळ डेन्मार्कचं होतं. आणि राहाच, कारण विमानाला उशीर झाला तर बोट थांबत नाही, वर सांगितलंयच.

फी मोठ्या माणसाला ९० युरो, सेवा केंद्राचे पैसे वेगळे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, तेव्हा आत्ताच तारीख शोधायला लागा. उन्हाळ्याच्या तोंडावर तारखा मिळत नाहीत. विमा किमान ३० हजार युरोंचा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला आणि परत येण्याच्या तारखेपुढं निदान तीन महिने चालणारा. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं.

इंग्लंडहून सुटणारी बोट स्वस्त दिसली तर भुलू नका. इंग्लंडचा व्हिसा निराळा.

आणखी एक. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात बाहेरून नेता येत नाहीत. पेढे, बासुंदी, खवा काही नको. कांदा-लसूण मसाला चालतो, फक्त तीन पदरी पिशवीत बांधा, नाहीतर चौघांचे कपडे परत येईपर्यंत मिसळीचा वास मारतील. माझ्या सुनेचा अनुभव.

---

तांबडा_पांढरा
१५ जानेवारी, दुपारी ४.५२

वास मारत नाही मावशी, दरवळतो.

---

मास्तरीणबाई
१६ जानेवारी, रात्री १०.१०

इतिहास शिकवून निवृत्त झाले, त्यामुळं थोडं लांबेल.

राजारामपुरीकर, बंदरांत काय बघायचं हे सगळे सांगतील. मला या समुद्राचा आपल्याशी असलेला धागा सांगू द्या. कोपनहेगनच्या लोकांनी १६२० साली तमिळनाडूत तरंगमबाडीला वखार घातली आणि १८४५ मध्ये इंग्रजांना विकली. म्हणजे आपल्याकडं शिवाजी महाराजांचा जन्म व्हायच्या आधी डॅनिश लोक किल्ला बांधून बसले होते. तो किल्ला अजून आहे. त्यामुळं कोपनहेगनला जलपरीचा पुतळा (१९१३ चा, जेमतेम सव्वा मीटरचा, अपेक्षा कमी ठेवा) बघून झाला की राष्ट्रीय संग्रहालयात जरूर जा.

टॅलिन मला सर्वांत आवडतं. बंदरातून चालत दहा-पंधरा मिनिटांत तटबंदीच्या आत. नगरभवन १४०४ चं, त्याच चौकातलं औषधाचं दुकान १४२२ पासून तरी चालू आहे, आणि अजून औषधं विकतं. दंतकथा अशी की १२१९ च्या लढाईत डेन्मार्कचा झेंडा इथंच आभाळातून पडला. टॅलिन या नावाचा अर्थच बरेच जण 'डॅनिश लोकांचं गाव' असा लावतात. म्हणजे बोट कोपनहेगनहून निघून झेंड्याच्या जन्मगावी जाते. गोल दगडांचे रस्ते आहेत, कोल्हापुरी चप्पल घालून मिरवायचा मोह आवरा, घोटा मुरगळेल. जाड तळव्याचे बूट.

हेलसिंकीत सुओमेनलिन्ना. १७४८ मध्ये स्वीडिश राजवटीत बांधायला घेतलेला सागरी किल्ला. बाजारपेठेच्या धक्क्यावरून पंधरा मिनिटांची छोटी बोट. आपला सिंधुदुर्ग डोळ्यांपुढं आणा, त्यात हिरवळ, तोफा आणि केक-कॉफीचं दुकान घाला.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या ११ रात्रींच्या यादीत ग्दिनिया आहे आणि पाच दिवसांत एकाही कोल्हापूरकरानं त्याच्यावर अक्षर लिहिलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं. ग्दिनिया पोलंडचं बंदर आहे. पोलंड म्हटल्यावर कोल्हापूरजवळचं वळिवडे आठवायला नको?

१९४० च्या सुमाराला पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना सोव्हिएत सरकारनं सायबेरिया, कझाकस्तानात हाकललं. त्यातले वाचलेले इराणमार्गे निघाले. काही हजार बायका-मुलं आपल्याकडं आली आणि १९४३ ते १९४८ वळिवड्याच्या छावणीत राहिली, सुमारे पाच हजार माणसं. त्यांची शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, सगळं पंचगंगेच्या काठावर. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे, रोज शेकडो लोक त्याच्या बाजूनं चालायला जातात. वॉर्सातही कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली तेव्हा बातमी आली होती.

आणि ग्दिनियाच्या जुन्या सागरी स्थानकात, जिथून पोलिश लोक देश सोडून बोटीनं जायचे, तिथं २०१५ पासून स्थलांतराचं संग्रहालय आहे. धक्क्याच्या अगदी जवळ.

---

राजारामपुरीकर
१७ जानेवारी, दुपारी १२.३०

मी सौ. लिहितेय, यांच्याच नावानं. हे भाजी आणायला गेलेत.

मास्तरीणबाई, माझं माहेर वळिवड्याचं. आमच्या लहानपणी 'कॅम्प' म्हणजे गांधीनगर. पोलिश लोक गेल्यावर फाळणीतून आलेले सिंधी लोक त्याच बराकींत राहायला आले आणि पुढं तिथं कापडाचा बाजार उभा राहिला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण माझी आजी कॅम्पात रोज दूध घालायची. ती सांगायची, त्या बायका दुधाचं दही विरजायच्या आणि वरून साखर न घालता काकडी चिरून घालायच्या. आजीला ते फार विचित्र वाटायचं, पुढं मात्र ती स्वतः तसं खायची. त्यातली एक बाई निघताना आजीला हातानं विणलेला रुमाल देऊन गेली. मी तो पाहिलाय. पांढरा, कोपऱ्यात निळं फूल. घराच्या वाटण्यांत कुठं गेला कळलं नाही.

बोटीच्या यादीत पोलंड आहे हे मला यांनी सांगितलंच नव्हतं. "ग्दिनिया" असं लिहिलंय, मला काय कळणार ते कुठं आहे.

---

तांबडा_पांढरा
१७ जानेवारी, दुपारी १२.४१

काका, भाजी घेऊन सावकाश या.

---

इचलकरंजी_एक्सप्रेस
१७ जानेवारी, दुपारी २.००

वहिनी, ते सगळं खरं, पण ग्दिनिया राजधानी नाही हो.

---

मास्तरीणबाई
१७ जानेवारी, दुपारी ३.१५

एक्सप्रेस, तुम्हाला इतिहासच हवा ना? ग्दिनियाहून लोकलनं चाळीसेक मिनिटांत ग्दान्स्क. दुसरं महायुद्ध १ सप्टेंबर १९३९ ला तिथल्या वेस्टरप्लाटवर सुरू झालं. १९८० मध्ये तिथल्याच गोदीत कामगारांची चळवळ उभी राहिली. तुम्हाला जी बर्लिनची भिंत बघायची आहे ना, तिच्या पडण्याची वाट या गोदीतूनही गेली. सहा तास प्रवास करून भिंतीचा तुकडा बघण्यापेक्षा हे बघा.

---

राजारामपुरीकर
१९ जानेवारी, रात्री ९.२०

आता मीच लिहितोय. ११ रात्री ठरल्या. माझं मत कुणी विचारलेलं नाही.

शेवटचे प्रश्न: खोली कुठली घ्यावी? एजंट बाल्कनीवाली घ्या म्हणतोय, खूप फरक आहे. आणि बोट लागते का तिथं? सौ.ला रंकाळ्यातल्या पायडलच्या बोटीतपण गरगरतं.

---

इंजिनरूम
१९ जानेवारी, रात्री १०.०५

बाल्टिक सगळीकडून जमिनीनं वेढलेला आहे, उन्हाळ्यात बहुतेक वेळा शांत असतो. ओस्लोला जाता-येता मात्र थोडा उघडा समुद्र आहे. खोली बोटीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथं हेलकावा सर्वांत कमी. वरची, टोकाची खोली महाग आणि झोपाळा फुकट. गोळ्या डॉक्टरांना विचारून बरोबर ठेवा.

बाल्कनीचं माझं मत लोकांना पटत नाही, तरी सांगतो. जूनमध्ये तिथं रात्रभर उजेड, त्यात आतली बिनखिडकीची खोली म्हणजे गाढ झोप. बेटं बघायला डेकवर जायचं, तिथं दोन्ही बाजू दिसतात, बाल्कनीतून एकच. वाचलेले पैसे शहरात खर्च करा. खोली घुसमटते असं वाटणाऱ्यांनी खिडकीची घ्यावी, त्याच्या वर जाऊ नये. साडूभाऊंना बाल्कनी हवी असेल तर त्यांची त्यांनी घ्यावी, तुम्ही चहाला तिथं जायचं.

बिलाचं लक्षात ठेवा. रोजची टिप माणशी आपोआप लागते, ती आधीच भरायची की बोटीवर ते विचारा. इंटरनेट, बाटलीबंद पेयं, सहली हे सगळं वेगळं. बोटीवरचा डॉक्टर फार महाग. शाकाहारी, जैन जेवण बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. घरची विजेची किटली, इस्त्री नेऊ नका, आगीच्या भीतीनं काढून घेतात.

---

कागदपत्र_मावशी
२० जानेवारी, सकाळी १०.००

एजंट टीसीएस, म्हणजे परदेश सहलीच्या पैशांवरचा आगाऊ आयकर, कापेल. पावती जपून ठेवा, रिटर्न भरताना तो वळता होतो. बँकेतल्या माणसाला मी काय सांगणार म्हणा.

---

राजारामपुरीकर
९ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.१५

बुकिंग झालं. जूनचा पहिला आठवडा, मिडसमरच्या आधी परत. आम्ही आतली खोली, साडूभाऊ बाल्कनी. बर्लिनला एकटे साडूभाऊ जाणार, बोटीच्या सहलीतून.

खाली सौ.ला लिहायचंय.

काल माहेरी जाऊन आले. चुलत्यांच्या गोठ्यावर अजून कॅम्पातली कौलं आहेत, बराकी मोडल्या तेव्हा आणलेली. चुलतभावानं शिडी लावून एक काढून दिलं. मी ग्दिनियाच्या त्या संग्रहालयाला ईमेल पाठवलाय, माझ्या भाचीनं इंग्रजीत लिहून दिला. उत्तर आलं तर त्यांना देईन, नाही आलं तर परत आणीन. मावशी, कौल नेता येतं का?

---

कागदपत्र_मावशी
९ फेब्रुवारी, रात्री ८.३०

माती आणि रोपं नेता येत नाहीत. कौल भाजलेलं, ती माती नव्हे. पण घासून स्वच्छ धुवा, शेवाळ, चिखलाचा कण राहू देऊ नका, आणि उन्हात चांगलं वाळवा.

---

राजारामपुरीकर
९ फेब्रुवारी, रात्री ९.००

वजन केलं. अडीच किलो. आमच्या बॅगा आत्ताच भरल्यात, चटणी, थालीपिठाची भाजणी आणि हिच्या तीन स्वेटरांनी.

---

इचलकरंजी_एक्सप्रेस
९ फेब्रुवारी, रात्री ९.०४

माझ्या बॅगेत जागा आहे. स्वेटरात गुंडाळून द्या.